मग हे बी मेलं कवा? साठवलेल्या बियाण्याचं आयुष्य कसं मोजतात

गेल्या जूनमध्ये बार्शी तालुक्यातल्या आमच्या आत्याचा फोन आला. "सोयाबीन पेरून आज आठवा दिवस, अन् तास काही दिसंनात." रविवारी सोलापूरहून गाडी काढून गेलो. पाऊस नीट झाला होता, वापसाही चांगला होता. आत्यानं तासातली, म्हणजे पेरलेल्या ओळीतली, माती बोटानं उकरली. पहिलं बी फुगून मऊ पडलेलं. चिमटीत धरताच साल सुटली आणि आतला चिकट गर बोटाला लागला, कुजका वास आला. दुसरं तसंच. तिसऱ्याला मूळ फुटलं होतं, पण नखाएवढं होऊन थांबलेलं, टोक तपकिरी. हातभर तासात तिनं अकरा बिया काढल्या. त्यांतल्या धड कोंबाच्या तीन.

बियाणं घरचंच होतं, तिनं स्वतः निवडून ठेवलेलं. उरलेलं पोतं घरात होतं, तेही बघितलं. पिवळंधमक, कीड नाही, बुरशी नाही. ओंजळ भरून घेत ती म्हणाली, "दिसायला तर ब्येस हाय. मग हे मेलं कवा?"

मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. 2020 च्या खरिपात राज्यभरातून सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी आल्या होत्या, हजारो शेतकऱ्यांवर दुबार पेरणीची पाळी आली होती. तेव्हापासून मृग आला की हा विषय बातम्यांत येतो. कंपनी, दुकानदार, पाऊस, ज्याला त्याला दोष दिला जातो. पण आत्याचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. पोत्यात पडल्या पडल्या बी मरतं म्हणजे काय होतं, आणि ते किती दिवसांत मरेल हे आधी मोजता येतं का? येतं. कसं, ते सांगतो.

वाळलेलं बी जिवंत असतं म्हणजे काय

बियाच्या आत एक लहानसं रोप घडी घालून ठेवलेलं असतं आणि सोबत त्याची शिदोरी. बी पक्व होऊन वाळतं तेव्हा पेशींतलं बहुतेक पाणी निघून जातं आणि आतला साखर-प्रथिनांचा रस घट्ट होत होत काचेसारखा होतो. चिक्कीचा पाक आठवा. गरम असतो तेव्हा वाहतो, निवला की कडक, खळकन मोडणारा. त्या कडकपणात काही हलू शकत नाही, म्हणून काही बिघडतही नाही. निदान फार सावकाश बिघडतं.

आता तीच चिक्की आषाढात उघडी ठेवा. हवेतला दमटपणा ओढून ती चिकट होते. बियाचंही तेच होतं. ओल थोडी वाढली की आतली काच मऊ पडते, थांबलेल्या रासायनिक क्रिया पुन्हा सुरू होतात. पण उगवण्याइतकं पाणी नसतं, त्यामुळे झालेली मोडतोड दुरुस्त करण्याची ताकद बियात नसते. पेशींचे पडदे फाटतात, डीएनएला इजा होते, स्निग्धांश खवट होतो. शेंगाचटणी करणाऱ्या सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको. टरफलातली शेंग महिनोन् महिने टिकते आणि कुटलेली चटणी दमट जागी ठेवली की लवकर खवटते. सोयाबीन, भुईमूग ही तेलबिया पिकं साठवणीत नाजूक असतात, त्यामागचं हे एक मोठं कारण. सोयाबीनची सालही पातळ आणि कोंब अगदी सालीलगत. पोतं उंचावरून आपटलं तरी आतल्या कोंबाला मुका मार बसतो, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

ओल आणि ऊन

बियाचं आयुष्य दोनच गोष्टी मुख्यतः ठरवतात: बियातला ओलावा आणि साठवणीचं तापमान. मऊ भाकरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशीते आणि आपली कडक भाकरी महिनाभर राहते. पीठ एकच, फरक पाण्याचा.

जेम्स हॅरिंग्टन नावाच्या अमेरिकी बीजतज्ज्ञानं यावर दोन ढोबळ नियम मांडले, ते आजही शिकवले जातात. बियातला ओलावा 1 टक्क्यानं कमी केला की आयुष्य दुप्पट. साठवणीचं तापमान 5 अंशांनी कमी केलं की आयुष्य दुप्पट. साधारण 5 ते 14 टक्के ओलावा आणि 0 ते 50 अंश तापमान, एवढ्या टापूतच ते चालतात.

दुप्पट हा शब्द साधा वाटतो, पण हिशेब करून बघा. एक पोतं 9 टक्के ओलाव्यावर, 30 अंशांत. दुसरं 12 टक्क्यांवर, 40 अंशांत. ओलाव्यातला फरक 3, म्हणजे तीन वेळा दुप्पट, 8 पट. तापमानातला फरक 10 अंश, म्हणजे 4 पट. दोन्ही मिळून 32 पट. एकाच मळणीतली, एकाच वाणाची दोन पोती, आणि एकाचं आयुष्य दुसऱ्याच्या बत्तिसाव्या हिश्शाएवढं!

सोलापूरचा उन्हाळा यात कुठं बसतो? मे महिन्यात पारा 42-43 वर जातो, पत्र्याखाली त्याहून जास्त. हे वाईटच. पण आपली हवा तेव्हा कोरडी असते, दुपारी आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास उतरते. बी हवेशी सारखी देवाणघेवाण करत असतं. कोरड्या हवेत ते ओल सोडतं, दमट हवेत ओढून घेतं. म्हणून साध्या गोणपाटात, मोकळ्या हवेत ठेवलेलं बी आपल्या उन्हाळ्यात आणखी वाळतं आणि उष्णतेचा बराच मार सोसतं.

आत्याचं पोतं इथंच फसलं, असं मला वाटतं. मळणी ऑक्टोबरात झाली, मध्येच पावसाची झड होऊन गेली होती. बी दोन दिवस अंगणात वाळवलं आणि ओल लागू नये म्हणून खताच्या रिकाम्या गोणीत, आतलं प्लॅस्टिक गच्च बांधून ठेवलं. बाहेरची ओल आत गेली नाही हे खरं, पण आतलीही बाहेर पडली नाही. पत्र्याच्या खोलीत मार्च, एप्रिल, मे असे तीन महिने ते बी स्वतःच्याच वाफेत शिजत राहिलं.

सरकारी बीज प्रमाणीकरणाच्या मानकांत सोयाबीनसाठी ओलाव्याची दोन वेगळी बंधनं आहेत, ती यासाठीच. साध्या पोत्यात जास्तीत जास्त 12 टक्के, हवाबंद पाकिटात जास्तीत जास्त 7. ज्वारीला हेच आकडे 12 आणि 8, कांद्याला 8 आणि 6. हवाबंद ठेवायचं असेल तर आधी जास्त वाळवावं लागतं. ओलसर बी गच्च बांधण्यापेक्षा उघडं ठेवलेलं परवडलं.

शंभर बिया आणि एक गोणपाट

आता मोजमाप. बी जिवंत आहे का, हे बघायची सगळ्यांत खात्रीची रीत म्हणजे ते उगवून बघणं. प्रयोगशाळेत 400 बिया घेतात, शंभर-शंभरच्या चार वाट्यांत. ओल्या कागदाच्या गुंडाळीत ठरलेल्या तापमानाला ठेवतात. सोयाबीनची शेवटची मोजणी आठव्या दिवशी, ज्वारीची दहाव्या, कांद्याची बाराव्या. नुसतं मूळ फुटलं म्हणजे उगवलं असं धरत नाहीत. ज्याचं मूळ, खोड, पहिली पानं धड आहेत, ज्याचं पुढं रोप होऊ शकेल, तेच मोजायचं. आत्याच्या तासातलं ते तिसरं, नखाएवढ्या मुळाचं बी या हिशेबात नापास.

घरी हेच गोणपाटावर होतं. गोणपाट भिजवून पिळायचं, त्यावर बोटभर अंतरानं दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट टाकून हलकेच गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं, पण निथळेल इतकं नाही. बिया निवडून घ्यायच्या नाहीत. पोत्याच्या वरून, मधून, तळातून मूठ-मूठ काढून मिसळायच्या आणि येतील तशा मोजायच्या.

शंभरच का, दहा का नाहीत? कारण नशिबाचा भाग. ज्या पोत्याची खरी उगवण 70 टक्के आहे, त्यातल्या दहाच बिया लावल्या तर कधी पाच उगवतील, कधी नऊ. शंभर लावल्या तर उत्तर बहुतेक वेळा 61 ते 79 च्या आत येतं. चारशे लावल्या तर 65 ते 75 च्या आत. म्हणजे गोणपाटावरचा आकडाही आठ-नऊ टक्के इकडंतिकडं धरूनच वाचायचा. शक्य असेल तर दोनदा लावायचं.

काही बिया जिवंत असून उगवत नाहीत, ताज्या मळणीच्या भुईमुगात हे दिसतं. याला सुप्तावस्था म्हणतात. झोपलेलं कोणतं आणि मेलेलं कोणतं हे ओळखायला प्रयोगशाळेत टेट्राझोलियम नावाचं रंगहीन रसायन वापरतात. जिवंत पेशी त्याला लाल करतात, मेलेल्या पांढऱ्याच राहतात. उत्तर एका-दोन दिवसांत मिळतं.

मेलं कवा? त्याला एक दिवस नसतोच

आत्याच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथं आहे. एकेक बी कधी ना कधी मरतं, पण पोतं एका दिवशी मरत नाही. गावातल्या एका वयाच्या माणसांसारखं आहे ते. सुरुवातीची बरीच वर्षं फारसं कुणी जात नाही, मग एका काळात भराभर जातात, आणि शेवटी दोघं-चौघं चिवट मागं राहतात.

कागदावर काढलं तर ही रेघ आधी जवळपास आडवी जाते, मग घसरगुंडीसारखी खाली येते, मग पुन्हा सपाट होते. समजा एका पोत्याची उगवण सुरुवातीला 98 टक्के आहे आणि वर्षभरात 84 झाली. साधा हिशेब करणारा म्हणेल, वर्षाला 14 टक्के, म्हणजे पुढच्या वर्षी 70. तसं होत नाही. साठवण तशीच राहिली तर दुसऱ्या वर्षाअखेर 50 आणि तिसऱ्या वर्षाअखेर 16. पहिल्या वर्षी गेले 14, पुढच्या दोन्ही वर्षी 34-34.

मला हा सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. 98 टक्क्यांचं पोतं आणि 84 टक्क्यांचं पोतं, आज चाचणीत दोन्ही चांगलीच वाटतात. पण एक घसरगुंडीच्या वर उभं आहे, दुसरं उतरणीला लागलं आहे. मळणीच्या वेळीच पावसात भिजलेलं बी उतरणीच्या तोंडाशीच साठवणीत जातं. 2019 च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसानं काढणीला आलेलं सोयाबीन भिजवलं होतं. त्यानंतरच्या जूनमध्ये तक्रारींचा पूर आला, त्यात मला काही नवल वाटत नाही.

1980 मध्ये एलिस आणि रॉबर्ट्स या ब्रिटनमधल्या शास्त्रज्ञांनी ही घसरगुंडी एका समीकरणात बसवली. सुरुवातीची प्रत, ओलावा, तापमान आणि पिकाची स्वतःची चिवटाई, या चार गोष्टी माहीत असतील तर अमुक दिवसांनी किती बिया जिवंत असतील याचा अंदाज काढता येतो.

वीस वर्षांचं उत्तर चार महिन्यांत कसं मिळतं

पिकाची चिवटाई काढायला वीस वर्षं कोण थांबणार? म्हणून बियांना मुद्दाम लवकर म्हातारं करतात. लंडनजवळच्या क्यू बागेच्या बीजपेढीची रीत अशी: बिया 45 अंश तापमान आणि 60 टक्के आर्द्रतेत बंद डब्यात ठेवायच्या. डब्यात ठरावीक क्षाराचं द्रावण ठेवलं की आर्द्रता तेवढीच राहते. मग पहिल्या, दुसऱ्या, पाचव्या, नवव्या, विसाव्या अशा दिवशी, थेट सव्वाशेव्या दिवसापर्यंत, थोड्या थोड्या बिया काढून उगवून बघायच्या. निम्म्या बिया किती दिवसांत मेल्या, तो आकडा म्हणजे त्या बियाण्याच्या चिवटाईचं माप.

शंका रास्त आहे: 45 अंशांत दमट डब्यात जे झालं, ते थंड, कोरड्या कपाटात तसंच होईल कशावरून? तंतोतंत होत नाही. दमट उष्णतेत आतली काच वितळते, कोरड्या थंडीत ती टिकते, मरण्याची तऱ्हाच थोडी बदलते. म्हणून या चाचणीवरून कोणतं बियाणं आधी जाईल आणि कोणतं नंतर एवढंच खात्रीनं सांगावं, वर्षांचा आकडा छातीठोकपणे सांगू नये.

खरं उत्तर हवं तर थांबावंच लागतं, आणि काही लोक थांबले आहेत. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये विल्यम बील या प्राध्यापकानं 1879 मध्ये 20 बाटल्यांत 21 जातींच्या प्रत्येकी 50 बिया वाळूत मिसळून जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एक बाटली उकरायची. 2021 मध्ये रात्रीच्या अंधारात एक काढली, 142 वर्षांनी, आणि त्यातल्या एका तणाच्या काही बिया उगवल्या. शेवटची बाटली 2100 मध्ये निघेल.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे सोलापूरहून हैदराबादला जाताना रस्त्यातच लागणारं पटणचेरू. तिथल्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेच्या बीजपेढीत ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग यांचे सव्वा लाखाच्या वर नमुने आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय बीजपेढीप्रमाणेच दीर्घ मुदतीचे नमुने चांगले वाळवून उणे 18-20 अंशांत ठेवतात. तरी बी अमर होत नाही. ठरावीक वर्षांनी उगवण तपासायची, आणि ती मूळच्या 85 टक्क्यांखाली आली की पेरून नवं बी घ्यायचं, हा बीजपेढ्यांचा दंडक. मालदांडी ज्वारीची एम 35-1 ही निवड आपल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रातली, 1930 च्या दशकातली. इतकी वर्षं ती टिकली, ती पुन्हा पुन्हा पेरली गेली म्हणून.

"पण पिशवीवर तारीख असते की!"

असते. प्रमाणित बियाण्याची मुदत चाचणीच्या तारखेपासून 9 महिने. पुन्हा तपासून पास झालं तर 6 महिने वाढते. पण ती तारीख चांगली साठवण गृहीत धरून आहे. त्या पिशवीचा मे महिना कुठं गेला, हे लेबलला ठाऊक नसतं. सोयाबीनवर उगवण 70 टक्के लिहिलेलं असतं, तेही किमान बंधन असतं. आतलं बी 90 चं आहे की 71 चं, ते कळत नाही. घसरगुंडी लक्षात घेतली तर हा फरक केवढा मोठा आहे ते कळेल. म्हणून विकतच्या बियाण्याचीही चाचणी करावी. पिशवी खालच्या बाजूनं फोडावी, वरचं लेबल शाबूत ठेवावं, पावती आणि थोडं बी राखून ठेवावं. तक्रारीची वेळ आलीच तर तालुका पातळीच्या समितीपुढं हाच पुरावा.

"गोणपाटावर 75 आले, मग शेतात का नाही?"

कारण गोणपाटावर सगळं आयतं असतं. शेतात मातीची पपडी फोडायची असते, कधी पावसाची ओढ, कधी चिखल. म्हातारं होणारं बी आधी जोम गमावतं, उगवण नंतर. आजारातून उठलेला माणूस घरात चालतो, पण सिद्धेश्वरच्या गड्ड्याच्या, म्हणजे जत्रेच्या, गर्दीतून त्याला नेऊ नये, तसं. म्हणून नुसता आकडा बघू नका, कोंब बघा. सगळे एकदम, जाड, पांढरेशुभ्र आले तर जोम आहे. कुणी तिसऱ्या दिवशी, कुणी सातव्या, काही वाकडे, असं असेल तर आकडा चांगला असूनही ते बी खोल पेरू नये आणि कमी पावसावर पेरू नये.

"जुनी माणसं कुठं मोजत होती?"

मोजत होती. ज्वारीचा दाणा दाताखाली धरून कट्कन आवाज आला तरच बी कणगीत जायचं. ती ओलाव्याचीच चाचणी. राख मिसळायचे, ती ओल ओढून घेते. बियाण्याची कणसं चुलीच्या धुराला टांगायचे. आणि घटस्थापना बघा. आश्विन प्रतिपदेला घटाभोवतीच्या मातीत धान्य टाकतात, नऊ दिवस कोंब बघतात. आपल्याकडं ऐन त्याच सुमाराला रब्बी ज्वारीची पेरणी असते. प्रयोगशाळेत ज्वारीची शेवटची मोजणी दहाव्या दिवशी, इथं दसरा दहाव्या दिवशी. घट दाट आला तर वर्ष चांगलं, असं आजी म्हणायची. मी ते श्रद्धेनं ऐकायचो, आता त्यात बियाणं पारखणारी नजरही दिसते. फक्त तिथं शंभर मोजून टाकत नाहीत, तेवढंच करायचं.

"फ्रिजमध्ये ठेवलं तर?"

भाजीच्या बिया, कांद्याचं थोडं बी ठेवता येतं, पण आधी चांगलं वाळवून, हवाबंद बरणीत. बरणी बाहेर काढली की लगेच उघडू नये. थंड बियांवर हवेतलं पाणी धरतं, म्हणून ती आधी घरातल्या तापमानाला येऊ द्यावी. आंब्याची कोय, फणसाची आठळी यांना मात्र हे काहीच लागू नाही. त्यांच्या बिया वाळल्या की मरतात, त्या ताज्याच लावाव्यात. आणि सोयाबीनही गरजेपेक्षा जास्त वाळवलं तर हाताळताना तडकतं.

यंदा मे महिन्याच्या शेवटी आत्यानं दोन पोत्यांची चाचणी लावली. एक गोणपाटात, खोलीच्या मधोमध लाकडी फळ्यांवर ठेवलेलं. दुसरं जागेअभावी मागच्या भिंतीला टेकवलेलं. आठव्या दिवशी मी फोनवर असताना तिनं मोजलं. पहिल्याचे 78. खरा आकडा 70 ते 86 मध्ये कुठंही असेल, असं मी सांगितलं. "मग पुन्हा लावते," म्हणाली. दुसऱ्या खेपेला 81 आले. कृषी विभागाचा सल्ला असा आहे, की उगवण 70 असेल तर एकरी 30 किलो पेरावं, त्याखाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवावं, आणि 60 च्या खाली असेल तर ते बियाणं वापरूच नये. भिंतीकडच्या पोत्याचे 57 आले. ते तिनं दुसऱ्याच दिवशी बार्शीच्या मार्केटला घातलं.